पितळखोऱ्यातील सुवर्णकार

आपल्या समाजाची वार्षिक स्मरणिका हाती आली की प्रत्येक घरातील मंडळी आपापल्या आवडीचे पान आधी उघडतात. कोणी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी पाहतो, कोणी दिवंगतांना वाहिलेली श्रद्धांजली वाचतो, तर उपवर मुलामुलींचे पालक अखेरच्या पानांकडे वळतात. या सर्वांच्या मध्ये समाजाच्या उत्पत्तीविषयीचा एखादा लेख असावयाचा, अशी जुनी प्रथा आहे. असे लेख बहुधा पुराणांतील कथांचा आधार घेतात. त्या कथांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते, की सोनाराच्या व्यवसायाचा एक अस्सल लेखी पुरावा आपल्या खानदेशच्या उंबरठ्यावर, सातमाळ्याच्या कड्यात सुमारे दोन हजार वर्षे कोरलेला असताना त्याची ओळख आपल्या मुलाबाळांना नसावी, हे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखाचा हेतू ती ओळख करून देण्याचा आहे. आणि त्या पुराव्याचे मोल किती धरावे व किती धरू नये, हे कसोटीवर घासून पाहण्याचाही आहे.

जळगावचे नाव काढले की परगावच्या माणसास दोन गोष्टी आठवतात. एक सोन्याचा बाजार आणि दुसरी अजिंठ्याची लेणी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती लेणी पडली, १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत त्यांचा समावेश झाला, आणि आज देशोदेशींचे यात्रेकरू जळगावच्या स्थानकावर उतरून फर्दापूरची वाट धरतात. परंतु त्याच डोंगररांगेत, पश्चिमेकडे चाळीसगावच्या माथ्यावर, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांइतकीच प्राचीन अशी पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे मात्र मोटारींची रांग लागत नाही. किंबहुना चाळीसगाव तालुक्यात हयात घालविलेली कित्येक माणसेही तेथवर गेलेली नसतात.

पितळखोरे आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात मोडते. पण भूगोलाच्या दृष्टीने ते खानदेशचे द्वार आहे. तापी व गोदावरी यांच्या खोऱ्यांना विभागणारी ही डोंगराची भिंत येथे काहीशी खचते आणि घाटवाटा खाली उतरतात. चाळीसगावाहून कन्नडला जाणारा रस्ता ज्या औट्रम घाटाने चढतो, त्याचे नाव १८२५ नंतर खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम याच्यावरून पडले असले, तरी या परिसरातून होणारी ये-जा त्याच्या कितीतरी शतके आधीची होय. दक्षिणेस गोदातीरी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. उत्तरेस माहिष्मती आणि उज्जयिनी. या दोन टोकांमधील व्यापाऱ्यांचे तांडे खानदेशातूनच जात. गिरणाकाठच्या बहाळ येथे आणि तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५० च्या दशकात जी उत्खनने झाली, त्यांनी या भूमीतील वस्ती ताम्रपाषाण युगापर्यंत मागे नेली आहे. प्रकाशे तेव्हा धुळे भागात मोडत असे. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात गेले. सांगावयाचे तात्पर्य असे, की ही लेणी निर्जन रानात खोदली गेली असे आज वाटले, तरी ती कोरली गेली तेव्हा हे स्थान वाहत्या राजमार्गालगतचे होते. भिक्षूंना एकांतही हवा असे आणि भिक्षेसाठी माणसांचा शेजारही हवा असे. घाटाच्या तोंडाशी दोहोंचा मेळ बसत होता.

टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ‘पेट्रिगाल’ नावाच्या एका स्थळाचा उल्लेख केला आहे, आणि ‘महामायूरी’ या बौद्ध ग्रंथात ‘पीतंगल्य’ असे नाव आले आहे. ही दोन्ही नावे पितळखोऱ्याचीच असावीत असे संशोधकांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर ‘पितळ’ या शब्दाचा धातूशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. जुने नाव लोकांच्या जिभेवर घासत घासत ओळखीच्या शब्दात जाऊन बसले, असे म्हणता येईल. धातूची पारख करणाऱ्यांनी नावावरून वस्तूचा कस ठरवू नये, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

लेणी एकूण चौदा असून त्यांपैकी चार चैत्यगृहे व उरलेले विहार आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून त्यांच्या कोरणीस आरंभ झाला. बुद्धाची मूर्ती करण्याचा प्रघात तेव्हा पडला नव्हता. स्तूप हेच पूजेचे स्थान होते. पुढे पाचव्या-सहाव्या शतकांत येथे पुन्हा वस्ती झाली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील अष्टकोनी खांबांवर बुद्धाची रंगीत चित्रे काढली गेली. त्यांचे अवशेष आजही दिसतात. म्हणजे एकाच दालनात दोन काळ शेजारी उभे आहेत. खांब जुना आणि त्यावरील रंग पाच-सहाशे वर्षांनी नवा.

चौथ्या लेण्याची दर्शनी बाजू पाहून मनुष्य थक्क होतो. जोत्यावर ओळीने कोरलेले हत्ती जणू अवघ्या विहाराचा भार पाठीवर घेऊन उभे आहेत. दारापाशी शस्त्रधारी द्वारपाल आहेत, आणि जवळच पाच फणांचा नाग आहे. आतील पाणी पन्हळीतून वाहून नागाच्या फणांवाटे बाहेर पडावे, अशी योजना कारागिरांनी केली होती. दारावर गजलक्ष्मीही होती. दिवाळीच्या पाडव्यास आपण ज्या लक्ष्मीपुढे वहीपूजन करतो, तिचे हे प्राचीन रूप बौद्ध विहाराच्या दारावर पाहून कोणास नवल वाटेल. परंतु त्या काळी लक्ष्मी, नाग व यक्ष ही सर्वांचीच मंगल दैवते होती, ती कोणा एका पंथाच्या मालकीची नव्हती.

दुर्दैवाने येथील खडक ठिसूळ आहे. दर्शनी भाग कोसळून त्याखाली शिल्पे गाडली गेली होती. १८५३ साली डॉ. जॉन विल्सन यांनी या लेण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, परंतु त्यानंतर शंभर वर्षे ती ढिगाऱ्याखालीच राहिली. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने हा ढिगारा उपसला. खात्यातील मधुसूदन नरहर देशपांडे यांनी त्या कामाचा साद्यंत वृत्तांत १९५९ साली प्रसिद्ध केला. पुढे हेच देशपांडे त्या खात्याचे महासंचालक झाले. स्तूपातून स्फटिकाचे करंडक निघाले, ढिगाऱ्यातून भग्न शिल्पांचे तुकडे निघाले, आणि त्यांतच आपल्या विषयाचा नायक निघाला.

तो एक बुटका यक्ष आहे. पोट सुटलेले, गाल फुगलेले, मुद्रा हसरी, दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र तोलून धरलेले. गळ्यात व कानांत अलंकार आहेत, आणि ते नुसते सुचविलेले नसून घडविलेले आहेत, हे जाणत्याच्या तत्काळ ध्यानात येते. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत तीनच शब्द कोरले आहेत. त्यांचा अर्थ असा, की कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने हे केले. हिरण्यकार म्हणजे सोनार. हा यक्ष आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

या तीन शब्दांचे महत्त्व कशात आहे? प्राचीन लेण्यांतून शेकडो लेख सापडतात, पण ते बहुतेक दात्यांचे असतात. ज्याने पैसा दिला त्याचे नाव राहते. ज्याने छिन्नी चालविली तो अनामिकच असतो. खुद्द पितळखोऱ्यातही पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, एका खांबाचे दान केले. पैठणच्याच संघकाच्या पुत्रांनी दुसऱ्या खांबाचे केले. मगिल नावाच्या राजवैद्याने व त्याच्या कुटुंबीयांनी विहाराच्या कामास हातभार लावला. ही सर्व नावे देणाऱ्यांची आहेत. कण्हदासाचे नाव करणाऱ्याचे आहे. कारागिराने आपल्या कृतीवर स्वतःचे नाव कोरल्याची आपल्या देशातील फार जुन्या उदाहरणांत त्याची गणना होते.

सोनाराने दगडात काम कसे केले, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. याचे उत्तर सांचीस मिळते. तेथील महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर असा लेख आहे, की तेथील रूपकाम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंतावर कोरीव काम करणाऱ्यांनी केले. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले. लाकूड, हस्तिदंत व धातू यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले हात दगडाकडे वळले, तेव्हाच आपल्या देशाची शिल्पकला बहरली. ऐरणीवर पत्रा ठोकताना, ठशातून नक्षी उठविताना, बारीक छिन्नीने खाच घेताना जो संयम लागतो, तोच संयम त्या यक्षाच्या दागिन्यांत उतरला आहे. बागेसरीसमोर बसून फुंकणीने ज्योत वळविणाऱ्या माणसास ते पाहताच ओळख पटेल.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कण्हदास हा आपला पूर्वज आहे, असे आपण म्हणावे काय? तसे म्हणण्याचा मोह मोठा आहे. ज्या समाजाला आपला पूर्वज दोन हजार वर्षांमागे नावानिशी दाखविता येतो, त्याची छाती फुगणारच. परंतु पिवळे दिसते ते सारे सोने मानणारा मनुष्य आपल्या धंद्यात टिकत नाही. यास्तव हा दावा आपण कसोटीवर लावून पाहू.

पहिला कस व्यवसायाचा. कण्हदास सोनार होता, हे त्याच्याच शब्दांत कोरलेले आहे. येथे सोने शंभर नंबरी आहे. दुसरा कस गावाचा. मितदेवाने पैठणचे नाव सांगितले. कण्हदासाने गाव सांगितलेले नाही. तो खानदेशचा असेल, पैठणचा असेल किंवा आणखी कोठला असेल. म्हणून त्याला खानदेशी म्हणून मिरविणे म्हणजे भेसळ होय. तिसरा कस कुळाचा. त्याने ना गोत्र सांगितले, ना कूळ, ना पित्याचे नाव. त्या काळच्या लेखांत माणसाची ओळख बहुधा त्याचे गाव आणि त्याचा व्यवसाय यांनी होते. कान्हेरीच्या लेण्यात पाण्याचे टाके देणारा कल्याणचा सोनार सामिदत्तही असाच आपला व्यवसाय सांगतो. आज आपण ज्यांना पोटजाती म्हणतो, त्यांतील एकीचेही नाव तेथे नाही. तेव्हा अहिर, लाड, दैवज्ञ, पांचाळ यांपैकी कोणाही एकाने कण्हदासावर वंशाचा हक्क सांगणे इतिहासाच्या तराजूत उतरत नाही.

आणि त्याचे नावच पाहा. कण्ह म्हणजे कृष्ण. सातवाहनांच्या घराण्यातील एका प्राचीन राजाचेही नाव कण्ह असल्याचे नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो. म्हणजे हे नाव या प्रदेशात रुळलेले होते. कृष्णाचे नाव धारण करणारा एक सोनार बौद्ध भिक्षूंच्या विहारासाठी यक्षाची मूर्ती घडवितो, आणि त्यात त्याला किंवा भिक्षूंना काही विपरीत वाटत नाही! चौदाशे-पंधराशे वर्षांनंतर पंढरपुरी संत नरहरी सोनारांनी शिव आणि विठ्ठल यांतील भेद मावळल्याचा जो अनुभव घेतला, तो आपण भक्तिभावाने सांगतो. कण्हदासाच्या वेळी अशा भिंती फारशा उंच नव्हत्या, असे या मूर्तीवरून वाटते.

तेव्हा कण्हदास रक्ताने आपला आहे असे सिद्ध होत नाही. हाताने मात्र तो निश्चित आपला आहे. आणि हाताचे नाते एका जातीत मावत नाही. पाथरवटाचा, सुताराचा, हस्तिदंत कोरणाऱ्याचा त्याच्यावर आपल्याइतकाच हक्क आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह ज्या लक्षावधी बांधवांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या दृष्टीने तर ही लेणी केवळ प्रेक्षणीय नसून वंदनीय आहेत. पितळखोऱ्यात आपण जाऊ तेव्हा वारसदार म्हणून एकटे जाणार नाही. आपल्याआधी आलेल्या उपासकांच्या शेजारी उभे राहू. त्या ठिकाणी समाजाच्या नावाचा फलक लावावा, असा विचार उद्या कोणाच्या मनात आलाच, तर तो तेथेच सोडून द्यावा.

या विषयात आपल्या संस्थेने घेण्यासारखे आणखी काही आहे. नाशिकच्या लेण्यांत शक राजा नहपान याचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अक्षय ठेव ठेवली. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक दराने, आणि दुसरीकडे १००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या वर्षाच्या २४० कार्षापण व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे होते. म्हणजे कारागिरांच्या संघटना त्या काळी लोकांच्या ठेवी सांभाळीत आणि त्यांच्या सचोटीवर राजघराण्यातील पुरुषही विसंबत. आज पतपेढ्या व शिक्षणनिधी चालविणाऱ्या संस्थांनी आपला खरा पूर्वज शोधावयाचाच असेल, तर तो वंशावळीत न शोधता या सचोटीत शोधावा.

आपल्या कारागिरांची स्थिती आज काय आहे? १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने सोनारांच्या असंख्य घरांतील बागेसरी थंडावली, याची आठवण वृद्ध मंडळींना आहे. तो कायदा १९९० साली रद्द झाला. पण जे हात धंदा सोडून गेले ते सगळेच परतले नाहीत. २०२१ पासून दागिन्यांवर शुद्धतेचा शिक्का सक्तीचा होऊ लागला. ग्राहकाच्या दृष्टीने ते हिताचेच झाले. परंतु त्या शिक्क्यात सोन्याचा कस असतो, ओळखक्रमांक असतो. घडविणाऱ्याचे नाव नसते. दोन हजार वर्षांपूर्वी एका सोनाराने आपल्या कामावर आपले नाव घातले, आणि आज पेढीच्या मागच्या खोलीत मान मोडून बसलेल्या कारागिराचे नाव ग्राहकास ठाऊक नसते. समाजाने या वर्षापासून निदान आपल्या जिल्ह्यांतील वयोवृद्ध कारागिरांची नावे, गावे आणि त्यांची खास कामे यांची एक नोंदवही करावी, आणि पुढील स्मरणिकेत तिचा काही भाग छापावा, अशी नम्र सूचना आहे.

ज्यांना प्रत्यक्ष जावयाचे असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. धुळ्याची व जळगावची मंडळी रेल्वेने चाळीसगावी एकत्र येऊ शकतात. तेथून सुमारे १८ किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचे स्थान आहे. चंडिकेच्या मंदिराचे दर्शन घ्यावे. थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापिल्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी येथेच शोधून काढला. जवळच ‘नागार्जुन कोठडी’ नावाचे लेणे आहे. नावावरून ते बौद्ध असावे असा समज होतो. पण आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, ते जैन लेणे आहे. नावावरून कस ठरवू नये, हे येथे दुसऱ्यांदा पटते. पाटणादेवीहून रानवाटेने चढून पितळखोरे गाठता येते. पण हा भाग १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात असल्याने वनखात्याची अनुमती व माहितगार वाटाड्या बरोबर असावा. वृद्ध व लहान मुले यांनी औट्रम घाट चढून कन्नडच्या बाजूने वाहनाने माथ्यावर जावे आणि तेथून पायऱ्यांनी दरीत उतरावे. भर पावसात दगड निसरडे होतात आणि ओढा वाट अडवितो, हिवाळा उत्तम.

एका दिवसाची सवड अधिक असल्यास अजिंठ्याच्या पश्चिमेस जंजाळ्याजवळील घटोत्कच लेणे पाहावे. ते वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविले. अजिंठ्याचे सोळावे लेणेही त्याचेच. आणि अजिंठ्यास गेल्यावर दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचे दान देणाऱ्या वासिष्ठीपुत्र कटहादीचा लेख पाहण्यास विसरू नये. तो पितळखोऱ्याच्या दात्यांचा समकालीन म्हणावा इतका जवळचा आहे. धुळेकरांना तर गावातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली ते स्थापन झाले, आणि तेथील दप्तरे व मूर्ती खानदेशच्या इतिहासाची साक्ष देतात.

अखेरीस एक विनंती. पितळखोऱ्याचा खडक अजूनही झिजतो आहे. ढासळणारा कडा थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु रंगांवर हात न फिरविणे, दालनांत चूल न पेटविणे, कागद व बाटल्या परत आणणे हे आपल्या हाती आहे. तसेच भिंतीवर खडूने वा खिळ्याने आपले नाव न लिहिणेही आपल्याच हाती आहे. तेथे नाव कोरण्याचा अधिकार एकाने कष्टाने मिळविला होता. मुलांना तो अधिकार कसा मिळतो हे समजावून सांगावे, आणि मगच त्यांना आत न्यावे.